सातव्या रिळाचं काय झालं?

प्रति,
जुन्या मराठी चित्रपटांचे निर्माते, त्यांचे वारस आणि त्यांच्याकडून हक्क विकत घेतलेल्या सर्व कंपन्या

विषय : घरी बघण्यासाठी विकल्या जाणाऱ्या जुन्या चित्रपटांच्या प्रतींबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाच्या सिनेमाच्या चार प्रती माझ्याकडे आहेत. एक व्हीएचएस कॅसेट, एक व्हीसीडीचा जोड, एक डीव्हीडी आणि चौथी मोबाइलवर दिसते ती. कॅसेट 121 मिनिटांची आहे. व्हीसीडी 110 मिनिटांची. डीव्हीडीही 110. मोबाइलवरची 103. सिनेमा एकच, कृष्णधवल, कोकणात घडणारा. नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण एका सिनेमाचं नाही, आणि ज्यांचा आहे त्यांना नाव न घेताही कळेल.

सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. लोक त्या वेळी बसायला जागा शोधत असतात, मी ते वाचतो. जुनी खोड आहे. त्यावर रिळं किती आणि लांबी किती ते लिहिलेलं असतं. या सिनेमाची 12 रिळं, लांबी सुमारे 11,500 फूट. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. भागाकार करा, जवळजवळ 128 मिनिटं येतात.

तुम्ही म्हणाल, मग कॅसेटमधूनही सात मिनिटं गेलीच की. तेवढी गेलेली नाहीत. थिएटरात सेकंदाला 24 फ्रेम चालतात, आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 25. त्यामुळे टीव्हीवर प्रत्येक जुना सिनेमा चार टक्के घाईत असतो. 128 चे 123 होतात आणि गाणारीचा आवाजही कणभर चढा लागतो. राहिली दोन मिनिटं. ती रिळांच्या टोकांना गेली असणार, कारण प्रोजेक्टरवर चढवता-उतरवताना रीळ झिजतं ते सुरुवातीला आणि शेवटाला. हे मला मान्य आहे. घासलेलं नाणं आपण चालवून घेतो.

पण 121 मधून 110 वजा केले की 11 उरतात, आणि हजार फुटांचं एक रीळ साधारण 11 मिनिटांचंच असतं.

म्हणजे व्हीसीडी तयार करताना कुणीतरी एक अख्खं रीळ मशीनवर चढवलंच नाही. डबा सापडला नसेल, खराब झाला असेल, किंवा जेवणाची सुट्टी झाली असेल. सहाव्यानंतर आठवं लागलं. ते कुणी तपासलं नाही. पुढे डीव्हीडी निघाली तीही त्याच व्हीसीडीवरून, हे तिच्याकडे बघून शेंबडं पोरसुद्धा सांगेल. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, डीव्हीडीचं 720 बाय 576, म्हणजे चौपट ठिपके. या डीव्हीडीत चौपट काय झालं असेल तर ठोकळे. पावसाच्या प्रसंगात पाऊस पडत नाही, विटा पडतात. आणि डबीवर सोनेरी अक्षरांत छापलं आहे : ‘डिजिटली रिमास्टर्ड’.

हे सगळं मला कसं ठाऊक, तर चिपळूणला, चिंचनाक्यापासून चालत पाच मिनिटांवर, 1986 पासून पंचवीस वर्षं मी व्हिडिओ लायब्ररी चालवली. आधी कॅसेटी, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. खरा धंदा गणपतीत. चाकरमानी आले की वाडीवाडीवर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने जायचे, टेम्पोत गादीवर ठेवून. रात्री आरत्या, भजन उरकलं की खळ्यात पडदा नसलेलं थिएटर सुरू व्हायचं. एका रात्रीला तीन सिनेमे. पहिला नवा हिंदी. दुसरा मारामारीचा. तिसरा जुना मराठी, तो लागायचा पहाटे दोनच्या सुमाराला. तोवर पोरंटोरं गोणपाटावर आडवी झालेली असायची. बापयेही घोरत असायचे. जाग्या असायच्या त्या म्हाताऱ्या, भिंतीला टेकून, पदर डोक्यावरून घेऊन. दिवसभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बायका त्या एका सिनेमासाठी जागायच्या. तुमचा प्रेक्षक कोण होता हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगतो. त्यांनी तिकीट काढलं नव्हतं, त्यामुळे तुमच्या वहीत त्यांची नोंद नाही.

तर या सिनेमाच्या सातव्या रिळात बोट आहे.

मुलगा पहिल्यांदाच मुंबईला निघतो. बोट बाहेर खोल पाण्यात उभी, माणसं किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. आई गुडघाभर पाण्यात उतरून त्याच्या हातात गाठोडं देते. पडाव हलतो. मग बराच वेळ कुणी काही बोलत नाही. वल्ह्यांचा आवाज, लांबून बोटीचा भोंगा, पाण्यातच उभी राहिलेली आई. कथेच्या हिशेबाने त्या 11 मिनिटांत काही घडत नाही. म्हणून तर ते रीळ गेलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. पण खळ्यात ते रीळ लागलं की मी बघितलंय, म्हाताऱ्या आपसात बोलायला लागायच्या. कोण कुठल्या बंदरावर पोचवायला गेली होती, कुणाचा नवरा त्या बोटीतून गेला तो पुढच्या गणपतीलाच दिसला. पावसाळा लागला की बोटी बंद, मग मुंबईतला माणूस मुंबईतच. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर जन्मलेल्या पोरांना हे तोंडाने सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. आणि दाखवायला बाजारात आता काही नाही.

व्हीसीडीत काय होतं ते ऐका. मुलगा ओटीवर बसून म्हणतो, ‘मी मुंबईला जाईन.’ पुढच्या क्षणी तो कोट घालून अंगणात उभा, आणि आई त्याची दृष्ट काढते आहे. एक गिऱ्हाईक डिस्क परत करताना मला म्हणालं होतं, ‘मुंबई एवढी जवळ कधी आली हो?’

मी कंपनीला 2004 साली पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, त्यात वर दिलेला सगळा हिशेब मांडला. मग एकदा फोन लावला, तेव्हा एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, ‘आमच्याकडे जेवढं आलं तेवढं आम्ही टाकलं.’ त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी तो सिनेमा बघितला नव्हता, एवढंच.

मोबाइलवरच्या प्रतीबद्दल फार लिहीत नाही. त्यात एका गाण्याचा अंतरा नाही, कोपऱ्यात शिक्का आहे, आणि मूळचं चौकोनी चित्र रुंद पडद्यात बसवण्यासाठी वरून-खालून कापलं आहे. हे असं कापलं की चित्राचा बरोबर चौथा हिस्सा जातो. नायिकेचं कपाळ आणि कुंकू दोन्ही गेलं. सधवा की विधवा हे कळायला संवादापर्यंत थांबावं लागतं.

आम्ही आंब्याच्या मुलखातली माणसं. पेटीवर ‘देवगड’ छापायचं आणि आत परराज्यातला आंबा भरायचा, हा धंदा आम्ही वर्षानुवर्षं बघितला. शेवटी 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आता निदान बोट ठेवायला कागद आहे. पेटी उघडली, एक आंबा कापला, की फसवणूक गिऱ्हाइकाला कळते तरी. सिनेमाचं तसं नाही. तो पूर्ण बघून झाला तरी काय गेलं ते कळत नाही, कारण जे गेलं ते तुम्ही कधी बघितलेलंच नसतं.

म्हणून माझं मागणं सोपं आहे. डबीवर खरं लिहा. ही प्रत मूळ निगेटिव्हवरून केली, तिची नक्कल असलेल्या ड्युप निगेटिव्हवरून केली, की तालुक्यातालुक्यांत फिरून झिजलेल्या प्रिंटवरून केली? कधी केली? मूळ लांबी किती, या डिस्कवर किती? काय गाळलं आणि का? चार-पाच ओळींचं काम आहे. रीळ हरवलं असेल तर ‘सातवं रीळ उपलब्ध नाही’ असं छापा. मी तरीही विकत घेईन, आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलेन. औषधाच्या गोळीवर, दुधाच्या पिशवीवर आपण हे मागतो. तुम्ही तर डबीवर सालही कधी कधी चुकीचं छापता.

परदेशातले स्टुडिओ फार सज्जन आहेत असं मी म्हणत नाही. डिस्नेवाल्यांनी कितीतरी वर्षं आपले जुने चित्रपट तिजोरीत ठेवण्याचा खेळ केला. कॅसेट ठरावीक मुदतीपुरती विकायची, मग बाजारातून उचलायची, काही वर्षांनी पुन्हा वाजतगाजत आणायची. बापाला घेता आली ती मुलासाठी घ्यायला गेलं की ‘आता नाही’. मला तो कावा आवडत नाही. पण तिजोरीत ठेवायला वस्तू शाबूत लागते, हे त्यांना कळत होतं. आपल्याकडे तिजोरीला कुलूप आहे आणि आत कसर लागली आहे.

वॉर्नर ब्रदर्सने 2009 मध्ये वेगळी वाट काढली. ज्या जुन्या सिनेमांना हजारोंनी गिऱ्हाईक नाही, त्यांची डिस्क मागणी येईल तशी बनवायची आणि घरी पाठवायची. सुरुवात दीडशे चित्रपटांनी केली. गोदाम नको, दुकानदाराकडून परत येणारा माल नको. हे आपल्याकडे का होऊ नये? आमच्याकडे 2007 च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आल्या, तेव्हा जुना सिनेमा भाड्याने न नेता विकत घेऊन कपाटात ठेवणारी घरं मी पहिल्यांदा बघितली. माझं भाडं बुडालं, पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता तेवढं स्वस्त नको. 28 रुपयांत निगेटिव्ह शोधायला माणूस जाणार नाही हे मलाही कळतं. पाचशे घ्या, सातशे घ्या. मुंबईच्या चाळींतून आणि आमच्या वाड्यांतून मिळून एका सिनेमाला तीन-चारशे गिऱ्हाइकं मी एकटा मिळवून देईन. आधी पैसे घ्या, मग डिस्क बनवा.

‘पण निगेटिव्हच खराब झाली’ हे उत्तर मी ऐकलं आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली. तरी ती जळकी रिळं कुणी टाकून दिली नाहीत. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ती हाताने सांधली, साफ केली. जिथे काही उरलंच नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींतून भर घातली. 2015 साली त्या तिन्ही चित्रपटांच्या नव्या प्रती थिएटरात लागल्या आणि डिस्कवरही निघाल्या. लांब कशाला जायचं, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ नीट करून 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला. म्हणजे आपल्याकडे कसब नाही असं नाही. खराब झाली असेल तर खराब झालेली जपून ठेवा. टाकून दिलेली कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

आणि वेळ किती थोडा आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. 1950 च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची, ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. पुण्याला जानेवारी 2003 मध्ये अशाच जुन्या रिळांच्या कोठाराला आग लागली. त्यानंतरची अॅसिटेटची फिल्म तशी भडकत नाही, पण दमट हवेत आंबते. डबा उघडला की बिघडलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा वास येतो, आणि एक डबा आंबला की शेजारच्यालाही लागतो. तुमची गोदामं मुंबईत असतील, तर तुमची हवा आणि आमची हवा एकच आहे. आम्ही पावसाळ्याआधी पापडसुद्धा उन्हात घालून हवाबंद डब्यात ठेवतो.

आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची आज एकही प्रत नाही. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण राहिलेला नाही. तेव्हा लोकांना माहीत नव्हतं, असं आपण म्हणतो. तुमच्याबाबतीत हे म्हणता येणार नाही.

आता हक्कांचं. कायद्याने चित्रपटावरचा मालकी हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. ‘श्यामची आई’ 1953 चा, त्याची मुदत 2013 अखेर संपली. आमच्या पालगडच्या साने गुरुजींच्या पुस्तकावरचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला चित्रपट आता कुणाही भारतीयाने छापावा, चित्रपटाचा मालकी हक्क आड येत नाही. पण कायद्याने मोकळ्या झालेल्या सिनेमाचं पुढे काय होतं ते बघा. हक्क सर्वांचा, डबा ज्याच्या गोदामात त्याचा. ज्याच्याकडे निगेटिव्ह आहे त्याला ती सांभाळून आता एकट्याचा फायदा नाही, आणि ज्याला छापायचं आहे त्याच्याकडे निगेटिव्ह नाही. मग तो बाजारातली डीव्हीडी घेतो आणि तिच्यावरून पुन्हा काढतो. सहाव्यानंतर पुन्हा आठवंच लागतं. साठ वर्षं पुरी होण्याआधी स्वतःच्या नावाने एक पूर्ण, चांगली प्रत बाजारात आणणं यात तुमचाच फायदा आहे. नंतर जे फिरेल ते तुमच्या नावावरच फिरणार आहे.

‘आता डिस्क कोण घेतं, सगळं ऑनलाइन आहे’ असं माझा पुतण्या म्हणतो. तो पुण्याला असतो. माझी बहीण आंजर्ल्याला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, माड पडले, पोफळी पडल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. तिच्याकडे तीन आठवडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. लॉकडाऊन होतंच. तिच्या मुलाने गाडीच्या बॅटरीवर छोटा डीव्हीडी प्लेअर लावला आणि पडवीत आजूबाजूची दहा-बारा माणसं रोज रात्री एक जुना सिनेमा बघायची. माझ्याच दुकानातल्या डिस्क. वादळ रोज येत नाही हे कबूल. पण रोजचंही सांगतो. गेल्या वर्षी अॅपवर एक जुना सिनेमा होता, बायकोला दाखवायचा म्हणून ठेवला होता. गणपतीत लावायला गेलो तर नाही. मुदत संपली म्हणे. पैसे भरूनही आपल्या घरात काही येत नाही, हा व्यवहार मला या वयात समजत नाही. खंडाने घेतलेल्या शेतात निदान एक पीक तरी आपलं असतं.

आता मुख्य कामाचं, ज्यासाठी एवढं लिहिलं.

लायब्ररी बंद केली तेव्हा उरलेल्या सहाशेच्या वर डिस्क आणि कॅसेटी मी चिपळूणला मेहुण्याच्या तळमजल्यावर ठेवल्या होत्या. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आलं ते छताला दोन फूट राहीपर्यंत. नंतर फावड्याने चिखल काढला, त्यात त्या निघाल्या. डिस्क धुतल्या तर काही चालल्या. कॅसेटी सगळ्या गेल्या. बोटीची कॅसेट वाचली, कारण ती तिथे नव्हती. ती इथे गावी होती, बायकोने तांदळाच्या डब्यात ठेवलेली. बाहेर ठेवली की बुरा येतो, तांदळात कोरडी राहते, असं तिचं म्हणणं. तरीही कडेला थोडा बुरा आला आहेच. गेल्या दहा वर्षांत मी ती दोनदाच लावली. दर खेपेला व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, थोडं काहीतरी खरवडून नेतं. माझा व्हीसीआर आता कुरकुरतो आणि नवा मिळत नाही. ते बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने 2016 मध्येच काम थांबवलं.

तुमच्या गोदामात सातव्या रिळाचा डबा असेल तर प्रश्नच मिटला. कृपा करून कुणाला तरी पाठवा, डबा उघडा, वास घ्या. आंबट वास आला तर त्याच आठवड्यात स्कॅन करून घ्या, पुढच्या बजेटची वाट बघू नका. आणि डबा नसेलच, तर ही कॅसेट न्या. चित्र पुसट आहे, आई पाण्यात उभी आहे तिथे मधोमध एक पांढरी रेघ जाते, पण वल्ह्यांचा आवाज स्वच्छ आहे. बाकीची 11 रिळं तुमच्या चांगल्या प्रतीतली घ्या, मध्ये ही 11 मिनिटं जोडा, आणि डबीवर तसं छापा. पैसे नकोत.

एसटीच्या पार्सलने मी ती पाठवणार नाही, कुरिअरनेही नाही. माणूस पाठवा. पावसाळ्याआधी आलात तर बरं, नंतर आमचा रस्ता दोन ठिकाणी खचतो. जेवूनच जा म्हणावं त्यांना. फक्त जाताना पावतीवर लिहून द्यावं लागेल : ‘एक व्हीएचएस कॅसेट, 121 मिनिटं, सातव्या रिळासह.’

आपला,
एक माजी व्हिडिओ लायब्ररीवाला
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी